दोन साडू, चार टायर

माझ्या दोन बहिणी आणि दोन भावोजी. थोरल्या ताईचे यजमान दातांचे डॉक्टर, धाकट्या माईचे यजमान वकील. लोकांचे साडू लग्नकार्यात भेटतात, तब्येतीची चौकशी करतात आणि आपापल्या घरी जातात. आमच्याकडच्या साडूंनी एकाच वर्षी अगदी एकसारखी गाडी घेतली आणि तेव्हापासून त्यांना एकमेकांवाचून करमेना, आणि एकमेकांशी पटेना.

गाडी म्हणजे दिसायला चार दारांची सभ्य कौटुंबिक गाडी, पण पोटात शर्यतीचं इंजिन. इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचते. ही गोष्ट दोघांनी मला इतक्या वेळा समजावली की मी शाळेत भूगोल शिकवताना पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणायच्या ऐवजी चुकून चारही चाकांवर फिरते असं म्हणून बसलो होतो. मला स्वतःला गाडी नाही. मी बसने जातो. त्यामुळे दोघांच्याही लेखी मी निःपक्षपाती होतो, म्हणजे दोघंही आपलं गाऱ्हाणं माझ्याकडेच आणत.

भांडण इंजिनावरून नव्हतं, रंगावरून नव्हतं. भांडण टायरवरून होतं.

कंपनीने गाडीला अठरा इंची रिमवर बसणारे टायर दिले होते. दातवाल्या भावोजींना ते पसंत होते. वकील भावोजींनी मात्र महिन्याभरात एकोणीस इंची रिम आणून बसवल्या. चाकाची एकूण उंची तीच, फक्त लोखंड वाढलं आणि त्याभोवतीचं रबर बारीक झालं. गाडी उभी असली की एकदम झोकात दिसायची.

"साडूभाऊ," दातवाले भावोजी चाकाशी उकिडवे बसून म्हणाले होते, "टायरची कड म्हणजे हिरडी. दात कितीही चकचकीत असू देत, हिरडी झिजली की दाताचं काही खरं नाही. हे जे तुम्ही केलंय ना, याला आमच्यात आजार म्हणतात."

"आणि आमच्यात याला सुधारणा म्हणतात," वकील भावोजी म्हणाले. "वळणावर गाडी कशी चिकटून जाते ते बघायला या एकदा."

टायरच्या मापावरून वाद दमला की हवेवर यायचा. गाडीच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने एक छोटा तक्ता चिकटवला होता: पुढे छत्तीस पौंड, मागे चौतीस. दातवाले भावोजी त्याला पोथीसारखं मानत. रोज सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना, ते दवाखान्यातल्या उपकरणासारखं दिसणारं एक मापक घेऊन चारही चाकांशी वाकत. शेजाऱ्यांना वाटे, डॉक्टर कसला तरी व्यायाम करताहेत. वकील भावोजी तोच तक्ता कायद्याच्या कलमासारखा वाचत.

"‘शिफारस’ लिहिलंय. शब्द नीट बघा. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. मी चाळीस भरतो. तेही नायट्रोजन."

"अहो, साध्या हवेतसुद्धा तीन चतुर्थांशाच्या वर नायट्रोजनच असतो!"

"मग तुमचा आक्षेप उरलेल्या एक चतुर्थांशाला आहे, असं नोंदवून घेऊ का?"

दर रविवारी आईकडे जेवायला जमलो की हे चाले. आमची आई आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचत आली. तिच्या बोलण्यात विशेषणं नसतात आणि तिचा आवाज चढत नाही. ती बोलायला लागली की इतरांचा आपोआप उतरतो. एका रविवारी दोघंही जेवण सोडून खाली गाड्यांशी वाकले होते, तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "जेवण गार होत आहे. टायर थंडच राहतील." दोघं निमूट वर आले. पण जेवतानासुद्धा दातवाले भावोजी पुटपुटत होते की टायर थंड व्हायला निदान तीन तास लागतात.

मग आई पडली.

पडदे काढायला स्टुलावर चढली आणि स्टूल एकीकडे, आई दुसरीकडे. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसली, आणि ते काही दिवस आमच्या सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. भावोजींनी गाडीचं नावही काढलं नाही. दातवाले भावोजी दवाखाना अर्ध्यावर सोडून यायचे आणि इस्पितळाच्या पॅसेजमध्ये येरझारा घालायचे. वकील भावोजी दिसेल त्या परिचारिकेची उलटतपासणी घ्यायचे.

अखेर शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई म्हणाल्या, "सोमवारी घरी न्या. मोटारीत बसून जाऊ शकतील. फक्त एक करा, गचके बसता कामा नयेत."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मी दोघांकडे बघितलं. दोघंही एकमेकांकडे बघत होते. उपाशी माणसाला ताट दिसावं तसे डोळे चमकले होते.

"गचके," दातवाले भावोजी हळूच म्हणाले.

"गचके," वकील भावोजी म्हणाले. "ऐकलं मी."

ताई आणि माईने पैशापासून पथ्यापर्यंत सगळं आधीच वाटून घेतलं होतं. आईला कोणाच्या गाडीतून आणायचं, हा प्रश्न असू शकतो हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. शनिवारी सकाळी दोघी आईची खोली लावत होत्या आणि मला मात्र चाचणीसाठी बोलावणं आलं.

चाचणी अशी. इस्पितळ ते घर या रस्त्यावरून दोन्ही गाड्या एकेक करून जाणार. मागच्या सीटवर आईच्या जागी मी. खुब्याखाली उशी, मांडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा वाडगा. ज्याच्या गाडीत पाणी कमी सांडेल, सासूबाई त्याच्या गाडीतून येतील.

"मास्तर, तुम्ही फक्त बसायचं. काही करायचं नाही," वकील भावोजी म्हणाले. सगळे मला मास्तरच म्हणतात. "आणि आईंसारखं बसा. असं पोक काढून नका बसू."

पहिली गाडी त्यांची. सासूबाईंच्या खुब्याचा मान राखून त्यांनी हवा चाळीसवरून अडतीसवर आणली होती. त्यांच्या दृष्टीने ही मोठीच माघार होती. इस्पितळाच्या फाटकातून बाहेर पडतानाच पहिला घोट माझ्या विजारीत गेला. बाजारपेठेपर्यंत अर्धा वाडगा रिकामा झाला. आरशातून त्यांना ते दिसतच होतं. त्यामुळे त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा वाडग्यावर जास्त, आणि पुलाच्या तोंडाशी रस्त्याला जो खड्डा होता तो त्यांना दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला. उरलेलं पाणी माझ्या छातीवर आलं. उतरून बघतो तर उजवीकडच्या दोन्ही रिम वाकलेल्या, आणि पुढच्या टायरच्या कडेला लिंबाएवढं टेंगूळ.

दातवाले भावोजी आपल्या गाडीतून मागे मागे येत होतेच. ते उतरले, टेंगळावरून अलगद बोट फिरवलं आणि रोग्याच्या नातेवाइकांशी बोलावं तसे म्हणाले, "हिरडी. मी सांगितलं होतं."

आता त्यांची पाळी. वाडगा पुन्हा भरून इस्पितळापासून पुन्हा सुरुवात. त्यांनी सासूबाईंसाठी पोथीसुद्धा बाजूला ठेवली होती: चारही टायरमध्ये फक्त चोवीस पौंड. गाडी रस्त्यावरून नव्हे, गादीवरून चालली होती. वाडग्यातलं पाणी हलेना. मला सुखाची गुंगी यायला लागली. पण इतक्या कमी हवेवर वळणाला गाडी आळसावते. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी वळताना ती वळायच्या ऐवजी डुलत बाहेर गेली आणि मागचं चाक फुटपाथच्या दगडी कडेवर घासलं. पाणी तरीही सांडलं नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण टायरला वीतभर चीर गेली आणि हवा एखाद्या म्हाताऱ्याच्या निःश्वासासारखी निघून गेली.

वकील भावोजी मागून चालत आले. त्यांनी चीर पाहिली. एक शब्दही बोलले नाहीत. वकील गप्प बसला की समजावं, त्याला खूप आनंद झाला आहे.

आता कुणीही म्हणेल, एक टायर फाटला तर एक नवीन घाला. ह्या गाडीला तसं चालत नाही. चारही चाकं एकाच यंत्राला जुंपलेली. तीन टायर झिजून किंचित बुटके झालेले आणि चौथा नवा, उंच. मग बुटक्यांना जास्त फिरावं लागतं, उंचाला कमी, आणि मधल्या पेटीतली दातेरी चाकं त्या भांडणात मध्ये पडून तापतात. म्हणजे आमच्या घरात माझी जी अवस्था होती तीच. तेव्हा बदलायचे तर चारही, एकाच मापाचे, एकाच जातीचे. वकील भावोजींकडे कंपनीच्या जुन्या अठरा इंची रिम होत्या, माईने त्या विकू दिल्या नव्हत्या. पण त्यांवरचे टायर त्यांनी कधीच विकून टाकले होते. त्यांनाही चार हवे होते. तेच माप.

टायरवाल्याकडे दोघांचे फोन एकाच वेळी गेले. टायरवाला सावध माणूस. दोघंही त्याची जुनी गिऱ्हाइकं, आणि दोघांचाही त्याला सारखाच वैताग.

"या मापाचे चारच शिल्लक आहेत," तो म्हणाला. "पुढचा माल दीड महिन्याने. मी दोन तुमच्या नावावर ठेवतो, दोन तुमच्या साडूंच्या. मला कुणाशी वाईट व्हायचं नाही."

अशा रीतीने शनिवारी दुपारी शहरात दोन महागड्या गाड्या अडून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मालकाकडे दोन नवे टायर होते, आणि सोमवारी आईला घरी आणायचं होतं.

ताईने कपाळाला हात लावला. "टॅक्सी बोलावते मी."

"टॅक्सी?" दोघं एकदम ओरडले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलं. "त्या टॅक्सीत हवा किती आहे हे टॅक्सीवाल्यालाही माहीत नसतं!" दातवाले भावोजी म्हणाले. "पुढे एका जातीचे टायर, मागे दुसऱ्या," वकील भावोजी म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग दोघांपैकी एकाने आपले दोन द्या ना दुसऱ्याला," माई म्हणाली.

दातवाले भावोजी छताकडे बघायला लागले. वकील भावोजी म्हणाले की तत्त्वतः त्यांची काही हरकत नाही, परंतु. त्या ‘परंतु’च्या पुढे ते गेलेच नाहीत.

"आईचं हाड मोडलंय," ताई म्हणाली, "आणि तुम्ही टायर कवटाळून बसलात. लाज वाटू द्या जरा."

तरी कुणी हललं नाही.

रविवारी आईला भेटायला मी आणि दातवाले भावोजी बसने गेलो. बसमध्ये ते बेचैन होते. बसच्या टायरमधली हवा किती असेल याचा अंदाज त्यांनी मला दोनदा सांगितला आणि मग तोही सांगेनासे झाले. आम्ही पोचलो तेव्हा आईला चालवत होते. दार अर्धं उघडं होतं. आई वॉकरला धरून उभी होती आणि शिकवणारी मुलगी म्हणत होती, "टाका पाऊल, आजी, काही होत नाही." पाऊल उचललं जात नव्हतं. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. जो आवाज अपघातांच्या, पुरांच्या बातम्या वाचतानाही कधी हलला नव्हता, तो अगदी बारीक होऊन म्हणाला, "मला भीती वाटते. मी पुन्हा पडेन."

दातवाले भावोजी दारातच थबकले. मग मागे सरकले आणि पॅसेजमध्ये जाऊन खिडकीशी उभे राहिले. मी गेलो तर चष्मा पुसत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही थांबा त्यांच्याजवळ. मी आलोच."

ते टायरवाल्याकडे गेले. रविवार म्हणून दुकान बंद होतं, तर त्याच्या घरी गेले आणि त्याला जेवणावरून उठवलं. माझे दोन टायर माझ्या साडूंच्या गाडीला लावा, म्हणाले. टायरवाल्याला खरं वाटेना. त्याने वकील भावोजींना फोन केला.

वकील भावोजींना तर मुळीच खरं वाटेना. ते तडक ताईच्या घरी येऊन दाखल झाले.

"यामागे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"काही अट?"

"नाही."

"उद्या तुम्ही म्हणाल, मी उपकार केले."

"म्हणणार नाही, साडूभाऊ. त्यांना घरी आणायचंय. बस्स. तुमच्या गाडीचा रंगही बरा आहे."

समोरचा पक्ष दावाच मागे घेतो तेव्हा काय करायचं, हे वकील भावोजींना कुणी शिकवलं नसावं. मग त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"चालवा तुम्ही," ते म्हणाले. "मी खड्डा पाहिला नाही. तुमचं पाणी सांडलं नव्हतं."

ताई सांगते की थोड्या वेळाने ती बाहेर येऊन बघते तर हवा किती ठेवायची यावरून पुन्हा जुंपली होती. एक म्हणे बत्तीस, दुसरा म्हणे छत्तीसच्या खाली तत्त्वात बसत नाही. शेवटी चौतीसवर तडजोड झाली आणि दोघंही आपण हरलो असं समजून झोपले.

सोमवारी आईला चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं. मागे आई आणि तिच्याजवळ मी, पुढे चालवायला दातवाले भावोजी आणि शेजारी वकील भावोजी, रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आधीच ओरडून सांगायला. ताई आणि माई घरी वाट बघत होत्या. गाडी निघाली. निघाली म्हणजे काय, सरकली. शेजारून एक बाई बाबागाडी ढकलत आमच्या पुढे गेली. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले.

"डावीकडे चीर आहे रस्त्याला," वकील भावोजी म्हणाले.

"दिसली."

"पुढे झाकण आहे गटाराचं."

"दिसलं हो, साडूभाऊ."

आई बाहेर बघत होती. घर जसं जवळ येत होतं तसा तिचा माझ्या मनगटावरचा हात घट्ट होत होता. मला कळत होतं, तिला गचक्याची भीती नव्हती. तिला घराची भीती वाटत होती. त्या खोलीची, त्या पडद्यांची.

आणि मग ती बातम्यांच्या आवाजात म्हणाली, "ही गाडी जोरात जाते, असं मी बरीच वर्षं ऐकते आहे."

पुढच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"जाते ना?"

"जाते की," दातवाले भावोजी म्हणाले. "म्हणजे, जाऊ शकते."

"तुम्ही किती जोरात नेली आहे?"

वकील भावोजींनी घसा साफ केला. "टायर झिजतात, आई. जोरात नेली की कडा झिजतात."

"आणि तुम्ही?"

"मी सुद्धा तशी... नाही," दातवाले भावोजी म्हणाले.

मला हे नवीन होतं. शर्यतीचं इंजिन पोटात घेऊन ह्या दोन गाड्या इतकी वर्षं दवाखान्यात आणि न्यायालयात जाऊन-येऊन होत्या, आणि त्यांच्या मालकांनी टायरची काळजी म्हणून त्यांना कधी धावूच दिलं नव्हतं.

"गावाबाहेरचा नवा रस्ता गुळगुळीत आहे," आई म्हणाली. "घरी नंतर जाऊ. मला बघू दे."

"आई, डॉक्टर बाईंनी..." मी म्हणालो.

"गचके नकोत म्हणाल्या. वेग नको म्हणाल्या नाहीत."

वकील भावोजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत निखळ आदर होता. इतकं चोख कलम त्यांनीही काढलं नसतं.

नवा रस्ता रिकामा होता, सरळ, काळाभोर, अजून डांबराचा वास येत होता. दातवाल्या भावोजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, एक मोठा श्वास घेतला आणि पाय दाबला.

गाडी गुरगुरली आणि मी सीटमध्ये मागे रुतलो. झाडं एकमेकांत मिसळली. पुढे कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं, दोघांपैकी कोण ते कळलं नाही. गचका एकही नाही. फक्त एक लांब, घट्ट, पुढे ओढून नेणारी ताकद. मी घाबरून आईकडे पाहिलं. ती हसत होती. आवाज करून, तोंडावर हात न ठेवता, शाळकरी मुलीसारखी. माझ्या मनगटावरचा तिचा हात कधी सुटला ते तिलाही कळलं नव्हतं.

"आणखी," ती म्हणाली.

रस्ता संपेपर्यंत आणखी गेलो. वळून परत आलो तेव्हा दातवाल्या भावोजींचे कान लाल झाले होते आणि वकील भावोजी म्हणत होते, "आता मी. थोडंसं. साडूभाऊ, गाडी माझी आहे हो!" आईने परवानगी दिली. दोघांनी जागा बदलल्या आणि आम्ही तो रस्ता पुन्हा कापला.

घरी पोचलो तेव्हा ताई-माई फाटकाशी काळजीने अर्ध्या झाल्या होत्या. कुठे होतात इतका वेळ, काय झालं, फोन का उचलत नाही. आईने वॉकर मागितला. ती उभी राहिली, थोडी डुलली, मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. वेळ लागला खूप, पण दारापर्यंत ती चालत गेली आणि पुढची दोन्ही माणसं तिच्या दोन बाजूंनी, हात पसरून, तिला न लावता चालत होती.

टायरचा माल यायला दीड नाही, दोन महिने लागले. तोवर दातवाले भावोजी रोज साडूंच्या गाडीतून दवाखान्यात जात. वकील भावोजी त्यांना सोडून न्यायालयात जायचे, संध्याकाळी घेऊन यायचे. शनिवारी आईला नव्या रस्त्यावर नेत. टायर आल्याचा फोन आला तेव्हा दातवाले भावोजी म्हणाले, "असू द्या दुकानात थोडे दिवस. घाई नाही." टायरवाल्याने चिडून मला फोन केला. म्हणाला, मास्तर, तुमच्या घरात सगळं ठीक आहे ना?

मी म्हटलं, "ठीक आहे."

हवेवरून भांडण मात्र अजून चालू आहे. वकील भावोजी आता छत्तीसवर आले आहेत आणि दातवाले भावोजी म्हणतात की वेगात जायचं असेल तर अडतीस बरी.

पण रविवारी जेवायला मात्र दोघंही वेळेवर वर येतात. कारण आई स्वतः काठी टेकत खाली गाडीशी येऊन उभी राहते आणि त्यांना हाकलते.